निळी नळी, काळी नळी

स्वयंपाकघरातल्या भिंतीचा कागद सुटून विनीच्या अंगावर आला तेव्हा ती बहिणीशी फोनवर बोलत होती. कागद आधी वरच्या कोपऱ्यात सुटला, मग सावकाश वाकला आणि थंडीत कुणी मायेनं शाल पांघरावी तसा तिच्या डोक्यावरून खांद्यांवर उतरला. आतून तिचा शांत आवाज आला, "जरा थांब क्लॅरिसा, भिंत आली आहे."

भिंत येण्याचं कारण मी होतो. सकाळपासून मी शेगडीवर मेपलचा रस आटवत होतो. मेपलच्या झाडातून निघणारा रस म्हणजे खरं तर पाणीच; साखरेचा त्यात नुसता उल्लेख असतो. चाळीस बादल्या आटवाव्या तेव्हा कुठे बादलीभर पाक हाती लागतो. उरलेल्या एकोणचाळीस बादल्या वाफ होऊन निघून जातात, आणि थंडीसाठी खिडक्या घट्ट लावलेल्या घरात त्यांना जायला दुसरी जागा नसली की त्या भिंतीत जातात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या ईस्ट हार्लोमध्ये ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर लोक रस घरात न आटवता मागच्या परसातल्या गुऱ्हाळात आटवतात. पण माझ्याकडे गुऱ्हाळ नव्हतं. माझ्याकडे फक्त दिलेला शब्द होता.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची ग्रामसभा भरते. सकाळभर रस्ते, शाळा आणि कर यांवरून भांडण होतं. दुपारी जेवण, आणि जेवणानंतर परातींत ताजा बर्फ भरून त्यावर गरम पाकाची धार सोडतात. तो चिवट झाला की काट्याला गुंडाळून खायचा, सोबत डोनट, आणि गोडानं तोंडाला मिठी बसू नये म्हणून आंबट काकडी. सकाळभर एकमेकांवर दात धरून बसलेली माणसं दुपारी त्याच दातांनी पाक चावतात, आणि तो चिकट असल्यामुळे निदान अर्धा तास गावात कुणाला बोलता येत नाही. आमच्या गावची एकी जी काही आहे, ती या अर्ध्या तासावर टिकून आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

हा पाक वर्षानुवर्षं आमच्या समोरच्या ऑर्व्हिल टाट्रोच्या गुऱ्हाळातून यायचा. पण गेल्या पानगळीत त्याच्या खुब्याचा सांधा बदलला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. लाकडं फोडायला कोणी नाही आणि स्वतःला वॉकर धरून चालावं लागतं, तेव्हा त्यानं गुऱ्हाळाला कुलूप घातलं. चर्चमध्ये जेवणाच्या तयारीची बैठक झाली, यंदा पाक कोण देणार असं विचारलं गेलं, आणि सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. अशा वेळी एक हात वर झाला. तो माझा होता. मी तो वर केल्याचं मला आठवत नाही, पण विनी म्हणते की केला, आणि ती शेजारीच बसली होती.

मी विम्याचा एजंट आहे. उभा जन्म मी इतरांचे अपघात पाहिले, त्यांचे अर्ज भरले, आणि माझी अशी पक्की खात्री झाली की अपघात फक्त अशा माणसांना होतात, जी वस्तूबरोबर आलेला सूचनांचा कागद वाचत नाहीत. मी तो वाचतो. पुढच्या हकिकतीत हे लक्षात ठेवावं, एवढीच माझी विनंती आहे.

तर भिंत वाळेपर्यंत विनी क्लॅरिसाकडे गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "मी परत येईन तेव्हा या घरात वाफ नको, मेरिल. चहाचीसुद्धा नको."

मी विचार केला. रसातलं बरंचसं पाणी आटवण्याआधीच काढून टाकलं तर वाफही थोडी, लाकडंही थोडी. मोठे बागाईतदार हेच करतात. त्यांच्याकडे त्यासाठी खोलीएवढी यंत्रं असतात. पण तत्त्व साधं आहे, आणि ते आपल्या ओट्याखाली बसवलेल्या पाणी शुद्ध करायच्या आरओमध्येही तेच असतं: पंपानं दाब द्यायचा, बारीक पडद्यातून पाणी आरपार जातं, बाकी सगळं अलीकडे राहतं. मी तीन घरगुती आरओंचे पडदे आणले, एक पंप आणला, आणि सगळं तळघरात एका फळीवर शिकंज्यांनी आवळून बसवलं. पडदे ज्या खोक्यातून आले त्यात सूचनांचा कागद होता. मी तो दोनदा वाचला. निळी नळी टाकीत सोडावी, काळी नळी बाहेर निचऱ्याला सोडावी. मी निळी नळी पिंपात सोडली. काळी तळघराच्या खिडकीतून बाहेर काढली आणि उतारावर टाकून दिली.

शहाण्या वाचकाच्या लक्षात आलंच असेल. ते तुमच्या लक्षात यावं आणि माझ्या येऊ नये, याचं एकच कारण आहे: तुम्ही कोरड्या मोज्यांत बसून वाचता आहात, आणि मी चार दिवस ओल्या बर्फात बादल्या गोळा करून सर्दीनं बेजार झालो होतो. नाक इतकं चोंदलं होतं की कॉफी आणि कोमट पाणी यांत मला फरक कळत नव्हता.

गावात सल्ले फुकट मिळतात, आणि यंत्र पाहायला येणारा प्रत्येक जण एकेक ठेवून जाई. ऑर्व्हिल वॉकर टेकत टेकत रस्ता ओलांडून आला, तळघराच्या दारातून वाकून त्यानं फळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "देवानं झाडात एवढं पाणी घातलं, ते काहीतरी विचार करूनच घातलं असेल."

"देवाला लाकडं फोडावी लागत नाहीत, ऑर्व्हिल."

"मलाही लागत नाहीत आता," तो म्हणाला. "पण यंत्रातनं गाळलेलं मी तोंडात घालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो." आणि तरीही तो तासभर तिथेच उभा राहिला. मी त्याला स्टूल आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी हॅरिएट पीज आली. हॅरिएट गावची ग्रंथपाल. गावाच्या मालकीच्या झाडांची देखरेखही तिच्याचकडे असते. आमच्या गावात कामं जास्त आणि माणसं कमी आहेत. तिच्या हातात मोजायची फीत होती.

"मेरिल, या चार मेपलना तोट्या तू ठोकल्यास?"

"माझ्याच अंगणातली झाडं आहेत."

"अंगण तुझं आहे असं तुला कुणी सांगितलं?"

तिनं फितीचं एक टोक रस्त्याच्या मधोमध ठेवलं, त्यावर मला पाय द्यायला सांगितलं, आणि दुसरं टोक घेऊन माझ्या घराकडे निघाली. गावच्या रस्त्याची हद्द दोन्ही बाजूंना किती, हे म्हणे जुन्या नकाशात ठरलेलं आहे. फीत मेपलच्या पलीकडे गेली, विनीच्या गुलाबाच्या वाफ्यावरून गेली, आणि व्हरांड्याच्या पहिल्या पायरीवर चढून थांबली.

"पायरीही गावाची," हॅरिएट म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण दुःखही नव्हतं.

"मग मी इतकी वर्षं घरात कसा जातो?"

"कुणी हरकत घेतली नाही म्हणून. मंगळवारी सभेपुढे ठेवते. तोवर तोट्या राहू देत, झाडांना भोकं तर पडलीच आहेत." जाता जाता ती थांबली. "तू दुकानातून पाक का आणत नाहीस? बाटलीवरची चिठ्ठी कोमट पाण्यात निघते."

ज्या माणसाच्या पायाखालची पायरी नुकतीच सरकली आहे त्यानं फार बोलू नये.

सोमवारी सकाळी मी पंप चालू केला. निळ्या नळीतून झुळझुळ धार पडू लागली. माझ्या हिशेबाप्रमाणे पिंपात रस मूळच्या चौथाईच उरायला हवा होता. प्रत्यक्षात जवळजवळ पाऊण भाग उरला. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मी ते यंत्राच्या उदार स्वभावाचं लक्षण मानलं. घराच्या बाजूला सिमेंटच्या ठोकळ्यांचं चुलाण रचलं, त्यावर चर्चमधून आणलेलं लांबरुंद पसरट पातेलं ठेवलं, पिंप ओतलं आणि जाळ केला.

अप्रतिम उकळलं. असा स्वच्छ, शांत, सुसंस्कृत रस मी कधी पाहिला नव्हता. फेस नाही, उतू जाणं नाही. हॅरिएट ग्रंथालय उघडायला जाताना थांबली. मी तिला चमचाभर दिला. तिनं तो जिभेवर घोळवला आणि बराच वेळ शब्द शोधला.

"तलम आहे," ती म्हणाली.

मी तो शब्द दिवसभर मनात घोळवत होतो.

दुपारी ऑर्व्हिल आला. मी त्याच्यासाठी खुर्ची आणली, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. तो वाफेकडे बघत बसला, अधूनमधून काठीनं एखादं लाकूड आत सारत. पूर्वी त्याच्या गुऱ्हाळात रस उकळत असला की गाव येऊन बसायचं, असं तो सांगत होता. कोण कुठे बसायचं, कुणाचं लग्न तिथे जमलं, कुणाचं मोडलं. मी मान डोलवत होतो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष पातेल्याकडे होतं. रस कमी होत होता, पण घट्ट काही होत नव्हता.

तेवढ्यात घरात फोन वाजला. एका बाईंच्या पियानोत रॅकून शिरला होता, आणि त्यांच्या विम्यात पियानो होता पण रॅकून नव्हता. "जरा लक्ष ठेव, ऑर्व्हिल," असं म्हणून मी आत गेलो. रॅकून बाहेरून आला की पियानोतच जन्मला, यावर आमचं फार वेळ चाललं. बाहेर आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती, घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती, चुलाणात निखारे उरले होते, आणि पातेल्यात काही नव्हतं.

काही नव्हतं म्हणजे अक्षरशः काही नव्हतं. पाक करपला असता तर काळा थर राहिला असता, वास आला असता, पातेलं फुकट गेलं असतं. इथे बूड आरशासारखं चकचकीत. चर्चमध्येही ते कधी इतकं स्वच्छ नसे. मी तिथे उभा राहून विम्याच्या माणसाला शोभेल अशा शिस्तीनं विचार केला. जळालं असतं तर डाग असता. सांडलं असतं तर ओल असती. डाग नाही, ओल नाही. म्हणजे चोरी.

लीलँड कोटा आमच्या रस्त्यांचा मुकादम आहे आणि गावचा कॉन्स्टेबलही. त्याच्या ट्रकमध्ये दोन टोप्या असतात. त्या दिवशी तो आला, माझं ऐकलं, रस्त्याची टोपी काढून पोलिसाची घातली आणि म्हणाला, "काय गेलं?"

"पाक."

"तू पाहिला होतास तो?"

"होणार होता."

"म्हणजे अजून न झालेला पाक चोरीला गेला."

"आमच्यात त्याला भावी नुकसान म्हणतात."

"आमच्यात त्याला काही म्हणत नाहीत." त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि स्वतःचा चेहरा दिसला तसा मागे झाला. "शेवटी इथे कोण होतं?"

"मी कुणाचं नाव घेणार नाही."

"बरं."

"फक्त इतकंच सांगतो, की इथे एकच खुर्ची होती आणि तिच्यात एकच माणूस बसला होता."

लीलँडनं समोरच्या घराकडे पाहिलं. "ऑर्व्हिल? मेरिल, त्याला दोन्ही हातांनी वॉकर धरावा लागतो. पाक त्यानं नेला कशात?"

"तो तपासाचा भाग झाला."

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते मला फार नेमकं वाटलं होतं. लीलँड रस्ता ओलांडून गेला आणि थोड्या वेळानं परत आला. त्यानं टोपी काढली, पण दुसरी घातली नाही.

"तो म्हणतो, मेरिलनं लक्ष ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. होतं ते सगळं वाफ होऊन गेलं. त्याला वाटलं, नव्या पद्धतीत असंच होत असेल. लक्ष ठेवायला काही उरलं नाही तेव्हा घरी गेला."

"आणखी काही?"

"मेरिलनं माझं नाव घेतलं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही." लीलँड ट्रकमध्ये चढला. "ते त्याला पुरलं."

संध्याकाळी ऑर्व्हिलच्या पुढच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. इतक्या वर्षांत मी तो पडदा ओढलेला पाहिला नव्हता. त्याला पडदा आहे हेच मला माहीत नव्हतं.

विनी परत आली, तिनं सगळं ऐकून घेतलं. "तू ऑर्व्हिलला चोर म्हणालास?"

"म्हणालो नाही. सुचवलं."

तिनं भिंतीला हात लावून कागद वाळला का ते पाहिलं आणि माझ्यासमोर गार सूप ठेवलं. मी ते प्यालो. विनीची समजूत आहे की माणसाला काय वाटायला हवं ते गार सूप बरोबर सांगतं.

मंगळवारी सकाळी ग्रामसभेच्या वेळी रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजू लागले. आमच्या रस्त्यावर भोंगा फक्त लग्नाला वाजतो. मी खिडकीतून पाहिलं. माझ्या घरासमोर रस्त्याच्या मधोमध ऑर्व्हिलच्या गोठ्यातून सुटलेल्या चार कालवडी माना खाली घालून उभ्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना सभेला निघालेलं अर्धं गाव गाड्यांत बसून होतं. कालवडी रस्ता चाटत होत्या. अतिशय मन लावून, न घाई करता, एखादी म्हातारी आजी ताटलीतली खीर बोटानं निपटते तशा.

ऑर्व्हिल वॉकर घेऊन कडेला उभा होता. मी पायऱ्या उतरून गेलो, त्यातली पहिली गावाची. त्यानं माझ्याकडे न पाहता म्हटलं, "या, साहेब. चोराच्या कालवडी तुमच्या दारात आल्यात. लीलँडला बोलवा म्हणजे झालं."

लीलँड आलाच होता, वाळूचा ट्रक घेऊन. तो उतरला, दोन पावलं चालला आणि बसला. म्हणजे त्याला बसायचं नव्हतं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठून काचेसारखा झाला होता. कालवडींना ढकलावं तर माणूस घसरत होता आणि कालवड तिथेच राहत होती. रस्त्याच्या टोपीखालून लीलँड म्हणाला, "पाऊस नाही, काही नाही. हे पाणी आलं कुठून?"

विनी रस्त्यावरच्या बर्फाच्या कडेनं चालू लागली. बर्फ रस्त्यावरून चरात गेला होता, चरातून वर आमच्या उतारावर, गुलाबाच्या वाफ्याला वळसा घालून तळघराच्या खिडकीपाशी. तिथे काळी नळी होती. नळीच्या तोंडाला बोटाएवढा स्वच्छ पिवळसर बर्फाचा दांडा लोंबत होता. विनीनं तो मोडला, टोक तोंडात घातलं, क्षणभर डोळे मिटले, आणि खाली येऊन सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आ कर."

मी आ केला. सर्दी त्या दिवशी जरा उतरली होती. उतरली नसती तर बरं झालं असतं.

ते गोड होतं.

आणि मग सूचनांचा कागद माझ्या डोळ्यांपुढे आला, शब्दन् शब्द. त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. तो पाणी पिणाऱ्या माणसासाठी लिहिला होता. पडद्यातून आरपार जातं ते शुद्ध पाणी. अलीकडे राहतो तो पाण्यातला निरुपयोगी गाळ. आमच्याकडे अलीकडे राहते ती साखर. मी साखर रस्त्यावर सोडली होती आणि शुद्ध पाणी दिवसभर लाकडं जाळून, पाहुण्यांना चमच्यानं चाखवत, निष्ठेनं आटवलं होतं. आणि पाणी संपल्यावर कॉन्स्टेबलला बोलावलं होतं.

"तलम," माझ्यामागून हॅरिएट स्वतःशीच म्हणाली. तीही गाडीतून उतरली होती.

सभा उशिरा सुरू झाली. लीलँडनं रस्त्याबद्दल सांगितलं, मग टोपी बदलून चोरीबद्दल सांगितलं, आणि दोन्ही प्रकरणांतला आरोपी एकच असल्याचं नमूद केलं. लोक हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त खोकले. मी उभा राहिलो. रात्रभर जुळवलेलं एक चांगलं भाषण माझ्याकडे होतं, त्यात "उपलब्ध पुरावा" हे शब्द दोन ठिकाणी होते. पण ऑर्व्हिल पहिल्या रांगेत वॉकर पुढ्यात धरून बसला होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती, तेव्हा मला त्या भाषणाचं पहिलं वाक्यही आठवेना.

"ऑर्व्हिल," मी म्हणालो, "मी तुझ्यावर आळ घेतला. तो खोटा होता. मला वाईट वाटतं."

तो वळला नाही.

"नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "नाव घेणाऱ्याशी भांडता येतं. खुर्चीशी काय भांडू?"

"पुढच्या वेळी नाव घेईन."

यावर तो किंचित हसला असावा, कारण त्याचे खांदे हलले. मग वॉकरवर भार देऊन सावकाश उभा राहिला आणि अध्यक्षांना म्हणाला, "आज पाक नाही तर नाही. ज्याच्याकडे जो रस असेल तो त्यानं शनिवारी माझ्या गुऱ्हाळात आणावा. काहील मी सांभाळीन. लाकडं हा फोडेल." असं म्हणून त्यानं माझ्याकडे न पाहता नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं. हात वर झाले. मग हॅरिएटनं झाडांचा विषय काढला, आणि असं ठरलं की मेपल गावाचे, रस गावाचा, पायरीही गावाची, मात्र मेरिल थेयर यांनी तिच्यावरून येजा करायला सभेची हरकत नाही. त्या दुपारी गावानं डोनट नुसत्याच काकडीबरोबर खाल्ले.

शनिवारी मी पहाटेपासून लाकडं फोडली. माझ्या हातांबद्दल मी काही बोलणार नाही. गुऱ्हाळाचं कुलूप ऑर्व्हिलनं स्वतः काढलं आणि धुळीनं भरलेल्या काहिलीवर हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. लोक आपापला रस कॅनमधून, पिंपांतून, एक जण तर अंघोळीच्या टबातून घेऊन आले. विनीनं आणि हॅरिएटनं टेबल लावलं. विनीच्या आग्रहानं यंत्रही आणलं होतं. या वेळी काळी नळी काहिलीत सोडली, निळी बाहेर. ऑर्व्हिलनं काळ्या नळीखाली बोट धरलं, चाखलं आणि काही बोलला नाही. त्याच्याकडून हे प्रशस्तिपत्र होतं.

यंत्र अप्रतिम चाललं, हे मला इथे नोंदवलं पाहिजे, कारण ते दुसरं कुणी नोंदवणार नाही. फेस आला, रंग आला, सगळ्या गुऱ्हाळात तो भाजलेला, लाकडी, गोड वास भरला, आणि मला तो येत होता. लोक भिंतीकडेच्या बाकांवर बसले. कुणाचं लग्न इथे जमलं आणि कुणाचं मोडलं ते पुन्हा निघालं. ऑर्व्हिल पळीनं पाक उचलून त्याची धार बघत होता आणि मधूनच एखाद्याची कथा दुरुस्त करत होता. मी त्याला इतकं बोलताना बायको गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

आणि दुपार कलायच्या आत पहिली काहील तयार झाली. बर्फावर धार पडली, सगळ्यांचे दात चिकटले, काकड्या संपल्या. ज्या कामाला पूर्वी दिवस बुडून जायचा ते उन्हातच आटोपत आलं होतं. उरलेला रसही यंत्रातून गेला की तासाभरात होणार. लोक उठू लागले. कुणी कोट शोधू लागलं, कुणी ताटल्या गोळा करू लागलं. लीलँड दोन्ही टोप्या बगलेत धरून म्हणाला, "काय झकास यंत्र आहे, मेरिल. म्हणजे घरी जाऊन मला एक डुलकीसुद्धा काढता येईल."

इतक्या दिवसांत माझ्या यंत्राबद्दल कुणी चांगला शब्द काढायची ही पहिली वेळ. मी तो नीट ऐकून घेतला.

ऑर्व्हिल पळी हातात घेऊन रिकाम्या होत जाणाऱ्या बाकांकडे बघत होता. मग माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तुझं यंत्र. जरा सावकाश चालवता येत नाही का?"

मी यंत्राच्या मागे गेलो. पंपाचा फ्यूज बोटाएवढा असतो, काढायला काही लागत नाही. मी तो काढून खिशात टाकला. घरघर थांबली आणि सगळे वळून बघू लागले.

"बिघडलं," मी म्हणालो.

हॅरिएट कोटाची बाही अर्धवट घातलेली तशीच खाली बसली. "मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "दुकानातून आण म्हणून."

"म्हटलं होतंस."

"घरच्या घरी जोडलेल्या यंत्राचं असंच असतं," लीलँड म्हणाला आणि टोप्या परत बाकावर ठेवल्या. एकेक करून सगळे बसले, आणि घरच्या घरी जोडलेली यंत्रं कशी नि कुठे कुठे बिघडली याच्या कहाण्या सुरू झाल्या. त्या पुष्कळ होत्या, आणि प्रत्येकीत मला एक लहानसं पात्र देण्यात आलं. विनी माझ्याशेजारून जाताना तिचा हात माझ्या खिशावर टेकला, थांबला, आणि ती पुढे जाऊन सगळ्यांसाठी पुन्हा कॉफी ओतू लागली.

ऑर्व्हिलनं उरलेला कच्चा रस आहे तसा काहिलीत सोडला. पांढरी वाफ छपरापर्यंत गेली. त्यानं टबाकडे पाहिलं, पिंपांकडे पाहिलं, आणि विचारलं, "दुरुस्त होईल का आज?"

"आज कठीण दिसतं," मी म्हणालो. "या मोसमात तरी नाहीच."

"मग बसलास काय," तो म्हणाला. "लाकडं आण."